परड्यातली कोयनेल

ये गं, पत्रातच का होईना, इकडं ये. त्या खुर्चीवर नको, इथं माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बस. रविवारी आलीस तशी उभ्या उभ्या नको. दारात गाडी चालूच, हातात फोन, आणि म्हणे, "आत्याआजी, समोरच्यांच्या गॅलरीतून आमचं मागचं सगळं दिसतं. भिंत नको वाटते. पटकन एखादं झाड सांग ना." पटकन! सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं आणि पटकन झाड विचारायचं. भावाची नात म्हणून तुला बोलते, दुसऱ्या कुणाला बोलले नसते.

मी कोयनेल म्हणाले आणि तू ते लिहून घेऊन गेलीस. कडू मेंदी म्हणतात ती. शेळी तोंड लावत नाही, काटकी रोवली तरी जगते, दाट होते, हे सगळं खरं. पण नुसतं झाडाचं नाव सांगून मी तुला वाटेला लावलं ते मला रात्रभर टोचत राहिलं. म्हणून हे लिहिते. तू काही दोन तास बसायची नाहीस, आणि बोलायला लागले की माझं अर्धं राहून जातं. लिहिताना राहत नाही.

माझं लग्न झालं तेव्हा आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहायला. साठ-पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. लांबट, अरुंद घर. मधून दोन भाग केलेले. एका भागात माझे थोरले दीर, जाऊ आणि त्यांची चार पोरं. दुसऱ्यात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासरे गेल्यावर चुली दोन झाल्या होत्या, पण मागचं परडं एकच होतं. त्यात आड, धुण्याचा दगड, एक शेवग्याचं झाड. दोन्ही घरांच्या मागच्या पडव्या त्याच परड्यात उघडायच्या. जाऊ तिच्या मागच्या पायरीवर तांदूळ निवडत बसली की आमच्या पडवीतली मुंगीसुद्धा तिला दिसायची.

आणि त्या पडवीत मी महिन्यातले तीन दिवस बसायची. तुला हे उलगडून सांगायला पाहिजे, तुमच्या घरात हे राहिलं नाही. बाईची पाळी आली की तिनं बाजूला बसायचं. कशाला शिवायचं नाही. एक गोणपाट, एक कांबळं, वेगळी ताटली, वेगळा तांब्या. सासूबाई भाकरी वरून टाकायच्या. रात्रीही तिथंच निजायचं. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की घरात. सगळ्याच बसायच्या, जाऊ पण बसायची. तिच्या चार पोरांमुळं तिच्या बसण्याकडं कुणी बघत नव्हतं. माझ्याकडं बघायचे.

पहिल्या वर्षी कुणी काही म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षी जाऊ पायरीवरून विचारायला लागली.

"काय गं, बसलीस का परत?"

"व्हय आक्का."

"मागल्या महिन्यात दोन दिवस उशीर झालता, म्हणून मला वाटलं हाय काय तर."

मी गोणपाटाचा सुटलेला दोरा ओढत राहिले.

"बस बस. ऊन तरी खा. तेवढंच अंगाला लागंल."

आडावर पाण्याला आलेल्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या. पेठेत फुटबॉलची मॅच कधी आहे हे एखादीला ठाऊक नसेल, पण माझी तारीख सगळ्यांना ठाऊक. जाऊ दुष्ट नव्हती, हे आधीच सांगते. मला ताप आला की पेज घेऊन तीच यायची. पण बोटावर मोजायची सवय होती तिला. म्हैस कधी फळली, कोंबडी कधी खुडूक बसली, तशी मी. गोणपाटावर गुडघ्यात तोंड घालून मी बसायची आणि वाटायचं, माझ्या पोटात काय आहे नि काय नाही, ते सगळ्यांसमोर वाळत घातलंय.

तिसऱ्या वर्षी मी यांना म्हटलं, "मागं एक भिंत घालू या का? कमरेएवढीच. बसलेलं माणूस दिसू नये एवढी."

हे एका ऑफिसात कारकून होते. ऑफिसातनं आले की चहा, आणि चहा झाला की तालमीकडं. "आईला विचार," म्हणाले.

आईला विचारलं. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"माझ्या दोन लेकांच्यात भिंत? चुली दोन झाल्या तवाच पेठेत तोंड लपवून हिंडले मी. मी डोळं मिटल्यावर घाला काय घालायची ती."

"मग झाडं लावू का आत्ती?"

"झाडं लाव की. झाडाला कोण भिंत म्हणतंय?"

माझं माहेर हातकणंगल्याला, हे तुला ठाऊकच आहे. तिथल्या स्टेशनावर कोयनेल होती, गाडीतनं उतरलं की समोर, हिरवीगार, वरून सपाट कापलेली. आषाढात माहेरी गेले होते, परत यायच्या दिवशी माळी ती छाटत होता. मी म्हटलं, "मामा, मला देता का ह्या काटक्या?" तो म्हणाला, "न्या की पोरी, उकिरड्यावरच जायच्यात." ओल्या पोत्यात गुंडाळून भारा मांडीवर घेतला आणि कोल्हापूरपर्यंत तसाच आणला. शेजारच्या बाईनं विचारलं, औषधाला का? मी हो म्हटलं.

घराच्या मागच्या भिंतीपासून आडापर्यंत मी रांग लावली. वीतभर अंतरावर एक काटकी. आडाजवळ जायला यायला वाट ठेवली, म्हणजे कुणी नाव ठेवायला नको. पावसाळ्यात सगळ्या जगल्या. उन्हाळा आला तेव्हा खरी अडचण उभी राहिली. बाजूला बसलेल्या बाईनं झाडाला पाणी घालायचं नाही. तिची सावली पडली तरी झाड वाळतं म्हणायचे. म्हणजे बघ, ज्या तीन दिवसांसाठी मी ते कुंपण लावलं, त्याच तीन दिवसांत मला त्याच्याजवळ जायची बंदी. चैत्रातलं ऊन. तीन दिवसांत पानं माना टाकायची. सासूबाईंना म्हटलं, दोन घागरी ओता. त्या म्हणाल्या, "ती काय तुळस हाय?" यांना म्हटलं तर म्हणाले, "पुरुषमाणसानं परड्यात घागरी घेऊन हिंडायचं? पेठेत काय म्हणतील?"

मग मीच घातलं. मी पडवीतच निजलेली असायची, कुणाला उठवायचा प्रश्न नव्हता. पहाटे तांबडं फुटायच्या आधी धुण्याच्या दगडाजवळच्या दोणीतलं पाणी तांब्यानं घेऊन एकेका मुळाशी ओतायची. पहिल्यांदा घातलं तेव्हा वाटलं, सकाळी सगळी रांग करपलेली दिसणार आणि जाऊ पायरीवरून बोट दाखवणार. काही झालं नाही गं. उलट टोकांना नवीन पालवी आली. दर महिन्याला घातलं, दर महिन्याला वाढली. माझ्या हातानं झाड मरत नाही हे मला त्या उन्हाळ्यात कळलं होतं. कळूनही पुढची पाच-सहा वर्षं मी त्या गोणपाटावर बसत राहिले. स्वतःवरचा हा राग अजून जात नाही माझा.

लावल्यापासून तिसऱ्या वर्षी कुंपण कमरेच्या वर गेलं, चौथ्या वर्षी माझ्या खांद्याला लागलं. पांढरी बारीक फुलं यायची, आतून लांब तांबूस तंतू बाहेर आलेले. पहिल्यांदा त्याच्या आड बसले तेव्हा पाय लांब केले. केस सोडले. इतकी वर्षं मी तिथं पाय जवळ घेऊनच बसत होते, हे मला पाय लांब केल्यावर कळलं. पानांतून उन्हाचे तुकडे अंगावर पडायचे. पलीकडून जाऊचा आवाज यायचा, पण ती पोरांना ओरडत असायची, मला नाही.

चार-पाच महिने गेले असतील. एक दिवस पलीकडून आवाज आला.

"ह्या खेपेला एक दिवस आधीच गं?"

"तुम्हाला कसं कळलं आक्का?"

"तुझं हिरवं लुगडं दिसतंय की दोरीवर."

त्या दिवसांचं लुगडं वेगळं असायचं, आणि दोरी उंच. मी दोरी खाली बांधली. तरी तिला कळलं. त्या तीन दिवसांत आडावर मी जायची नाही, सासूबाई जायच्या. सासूबाई घागर घेऊन दिसल्या की जाऊचा हिशेब जुळला. मग मी नाद सोडला. निदान तोंड तरी दिसत नाही, एवढ्यावर समाधान मानलं, आणि पाणी घालत राहिले.

पुढं दोन-तीन वर्षांनी थोरल्या पुतणीचं लग्न ठरलं. दीर तेव्हा शिरोलीला फौंड्रीत होते. लग्न दारातच करायचं ठरलं, मांडव पुढं आणि पंगती मागं परड्यात. त्या पोरीच्या वेण्या मी घातल्यात, तिला पहिलं लुगडं मी नेसवलंय. मी आपली कामाची यादी करत बसले. लग्नाच्या आधी आठ दिवस जाऊ आली. हळू आवाजात म्हणाली,

"वाईट वाटून घेऊ नको. तुझी तारीख नेमकी हळदीच्या दिवशी येतीया. चार दिवस माहेरला जाऊन ये. मंगलकार्यात विटाळ नको."

"अजून आली न्हाय आक्का."

"येणार की. मी मोजलंय."

यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "जा की. एरवी माहेर माहेर करतीस."

गेले. हळद तिकडं लागली, मी इकडं आईच्या चुलीपुढं बसून भाकऱ्या थापल्या. आणि ऐक, त्या चार दिवसांत मला काही झालंच नाही. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पाळी आली.

परत आले तेव्हा संध्याकाळ होती. मागं पाय धुवायला गेले तर परडं हे एवढं मोठं. मला आधी उमजलंच नाही काय बदललंय ते. मग घराच्या भिंतीपासून आडापर्यंत बघितलं. टीचभर उंचीचे खुंट, रांगेनं. कापलेल्या जागा अजून ओल्या होत्या. फांद्यांचा ढीग उष्ट्या पत्रावळींखाली उकिरड्यावर पडला होता.

"कुणी तोडली?"

सासूबाई म्हणाल्या, "पंगत वळत न्हवती. दोन रांगा सरळ बसायला नकोत?"

दीर पलीकडं खुर्च्या मोजत होते. तिकडूनच म्हणाले, "झाडंच की ती. फुटतील महिन्याभरात. एवढं काय त्यात?"

मी आत आले. हे चहा पीत होते. कपबशी डाव्या हातात धरलेली, उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली.

"हाताला काय झालं?"

"कोयत्याची सवय न्हाय," म्हणाले. "फोड आलं."

भिंत असती तर पाडायच्या आधी एखादं पोस्टकार्ड तरी टाकलं असतं कुणी मला. झाडाला कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवशी पाळी आली ती मी तशीच दडपली. पाव्हणे अजून घरात होते, परडं उघडं होतं, आणि त्या खुंटांच्या मागं त्या सगळ्यांसमोर जाऊन बसायचं माझ्यानं झालं नाही. ठरवून केलं नाही गं. अंघोळ केली आणि चूल पेटवली. भाकरी केली, सासूबाईंच्या ताटात वाढली. त्यांनी खाल्ली, अर्धी अजून मागितली. मी बघत होते. काही झालं नाही. पुढच्या महिन्यातही बसले नाही. तिसऱ्याही. आडावर रोज मीच, देवापुढं दिवा रोज मीच. मला कुणाला बाटवायचं नव्हतं. मला फक्त तिथं बसायचं नव्हतं. लाज वाटते सांगायला, पण एवढी सोपी गोष्ट होती. इतकी वर्षं मी घागरीनं पाणी वाहिलं, आणि करायचं होतं ते एवढंच.

सासूबाई कधी तारखा मोजायच्या नाहीत; मोजणारी बाई पलीकडं आहे, हे मात्र मी विसरले.

श्रावणात एका दुपारी जाऊ आली. हातात वाटीभर लिंबाचं लोणचं. डोळे भरलेले. मला म्हणाली,

"मला कळलंय. तीन महिनं झालं. एवढं लपवायचं असतंय व्हय गं?"

मी बोलायला तोंड उघडायच्या आत तिनं मला मिठी मारली. "तुझी झाडं तोडली ते मला लई लागलंतं. देवानं भरून काढलं बघ."

तिचं रडणं खरं होतं. म्हणूनच मला नाही म्हणता आलं नाही. संध्याकाळपर्यंत सासूबाईंना कळलं, यांना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे आडावर. पुरुषमाणूस, भर उजेडात, आडातनं पाणी शेंदत होते. शेजारणी बघत होत्या आणि ह्यांना त्याचं काही नव्हतं. दोन्ही हातांत घागरी घेऊन आले आणि मला म्हणाले, "तू उचलू नको काय."

आठ दिवस असे गेले. मी रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज हे पाणी आणायचे आणि मी नुसता त्यांच्यापुढं चहा ठेवायची. आठव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "उद्या मंगळवार हाय. अंबाबाईची ओटी भरून येऊ. नवस हाय माझा." मग मात्र मला राहवेना. माणसांना फसवत होते ते होतंच, देवीपुढं पदर पसरून खोटं उभं राहायचं?

त्या जेवायला बसल्या होत्या. मी म्हटलं, "आत्ती, ओटी नको. मला दिवस न्हाईत."

"म्हंजे?"

"मी बसतच न्हाय बाजूला. तीन महिनं झालं."

त्यांनी ताटाकडं बघितलं. घास हातात होता. तो तसाच ताटात ठेवला.

"आणि हे मला खायला घालत हुतीस?"

उठल्या, आडावर गेल्या, नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं. देवघरातले सगळे देव काढून धुतले. घरभर गोमूत्र शिंपडलं. दुसऱ्या दिवशी पडवीच्या एका कोपऱ्यात तीन विटा मांडून त्यांनी स्वतःची चूल घातली. त्यानंतर दहा-बारा वर्षं जगल्या, माझ्या हातचं पाणी घेतलं नाही त्यांनी. दोन चुलींचं ज्या बाईला एवढं दुःख, तिनं तिसरी आपल्या हातानं पेटवली.

जाऊ पायरीवर उभी राहून सगळं बघत होती. त्यापुढं तिनं मला कधी काही विचारलं नाही, आणि पेजही कधी आणली नाही.

ते ऐकून हे तालमीकडं निघून गेले ते दिवेलागणीला आले. बराच वेळ भिंतीला टेकून बसले. मला वाटलं ओरडतील, हात उचलतील. म्हणाले,

"आणखी थोडं दिवस गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं? आठ दिवस घर कसं..."

पोर हवं होतं म्हणून नाही बोलले ते. त्यांना ते आठ दिवस हवे होते. मलाही हवे होते. पण कोयत्याचे फोड मी विसरले नव्हते, म्हणून मी ते त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. हे गेले. ते तसंच राहिलं.

मूल काही झालं नाही आम्हाला. बाजूला मी पुन्हा बसले नाही, आणि मला पुन्हा कुणी बस म्हटलंही नाही. कोयनेल मात्र खुंटातनं फुटली, वेडीवाकडी वाढत राहिली. मी पाणी घातलं नाही. ऐंशी सालच्या पुढं कधीतरी सासूबाई गेल्या आणि वर्षसुद्धा सरलं नसेल, दोघा भावांनी मिळून परड्यात विटांची भिंत घातली. चांगली पुरुषभर उंच. दोन दिवसांत उभी राहिली. पाया खणताना गवंडी म्हणाला, "बाई, कसली मुळं हायती ही, पहारीला आयकंनात." मी त्याला चहा दिला आणि आत गेले.

तर तुला कोयनेल लावायची असेल तर लाव. पावसाळ्यात लाव, वीतभर अंतर ठेव, पहिली दोन वर्षं पाण्याला खाडा करू नको. गॅलरीतल्या लोकांना तुझं मागचं दिसणार नाही, एवढं काम ते झाड नक्की करील. पण त्याच्या आड तू काय लपवतीयास, ते तुझं तू बघून घे. कुणी मोजतंय म्हणून लपवत असशील तर आधी मला येऊन सांग.

आणि ये. दिवस बघून येऊ नकोस. पाळी आलेली असली तरी ये, चुलीपाशी माझ्या शेजारीच पाट टाकीन तुला आणि तुझ्या हातची भाकरी खाईन. आता फार वाट बघवत नाही गं मला. लवकर ये.